घरी बांधलेले विमान आणि छोट्या जोडांचा प्रश्न : इंदापूर, बंगलोर व चारकोप यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण आणि इंदापूर यांच्या दरम्यान पळसदेव हे गाव आहे. जुने पळसदेव उजनी धरणाच्या जलाशयात गेले, गावाचे पुनर्वसन झाले आणि पळसनाथाचे प्राचीन मंदिर पाण्याखालीच राहिले. एखाद्या उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की मंदिर उघडे पडते व पाहणाऱ्यांची रीघ लागते. ज्या बांधकामपद्धतीला आपण ढोबळपणे हेमाडपंती म्हणतो, तिच्या दगडी भागात चुन्याचा आधार न घेता दगडावर दगड बसवलेला असतो. तो जोड टिकतो दगडाच्या वजनावर आणि खाचेच्या अचूकपणावर. याच जलाशयाच्या परिसरात बारामतीच्या धावपट्टीवरून उडालेली प्रशिक्षण विमाने घिरट्या घालताना पाहण्याची सवय आता लोकांना झाली आहे. त्या विमानांचे बांधकाम मंदिराच्या नेमके उलट आहे. तेथे वजन हाच शत्रू. बोटाच्या पेराहून लहान असे हजारो रिव्हेट, काही शे बोल्ट आणि त्यांना फिरू न देणाऱ्या पिना व तारा यांवर सारा सांगाडा उभा असतो. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे असे एक प्रशिक्षण विमान शेतात कोसळले. प्रशिक्षणार्थी वैमानिक बचावली. एरवी डोक्यावरून जाणारी वस्तू त्या दिवशी तालुक्याने जमिनीवर पाहिली.

विमानाच्या इतिहासाविषयी मराठीत जे लेखन झाले आहे त्यात स्वप्ने, संकल्प, शासकीय परवानग्या आणि पहिले उड्डाण यांना विपुल जागा मिळाली आहे. जोडाला ती मिळालेली नाही. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, घरी विमान बांधण्याचे आपल्याकडील प्रयत्न समजून घ्यायचे असतील तर इंजिनापेक्षा आणि पंखापेक्षा या क्षुल्लक वाटणाऱ्या जोडसाहित्याकडे पाहणे अधिक उपयुक्त आहे. कारण कारागिराचे कौशल्य कोठे पुरते आणि कोठे अपुरे पडते, ती सीमारेषा नेमकी येथे दिसते. प्रस्तुत लेखक इतिहासाचा अध्यापक आहे, अभियंता नाही. त्यामुळे तांत्रिक तपशील येथे ऐतिहासिक विवेचनाला आवश्यक तेवढेच घेतले आहेत.

लोहाराचा रिव्हेट आणि विमानाचा रिव्हेट

रिव्हेट ही वस्तू महाराष्ट्राला नवी नव्हती. कढईचे कान, पळीचा दांडा, मोटेचे लोखंडी कडे, पुढे साखर कारखान्यांतील जुने बॉयलर, या साऱ्यांत रिव्हेट ठोकलेला असे. दोन पत्र्यांना आरपार भोक पाडावे, त्यातून धातूचा लहान दांडा घालावा आणि मागचे टोक ठोकून पसरवावे, एवढेच त्याचे तत्त्व. बोल्टप्रमाणे तो कंपनाने फिरून सुटत नाही, म्हणून सतत थरथरणाऱ्या विमानासाठी तो सोयीचा ठरला.

परंतु विमानाचा रिव्हेट पोलादाचा असून चालत नाही. १९०६ मध्ये आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञाला असे आढळले की, थोडे तांबे व मॅग्नेशियम मिसळलेले ॲल्युमिनियम तापवून एकदम थंड केले की ते प्रथम मऊ असते आणि नुसते ठेवून दिले तर काही दिवसांत आपोआप कठीण होते. हेच ड्यूरॅल्युमिन. पहिल्या महायुद्धातील झेपेलिन आणि त्यानंतरची धातूची विमाने या मिश्रधातूवर उभी राहिली. मात्र जो गुण पत्र्याला उपकारक तोच रिव्हेटला अडचणीचा ठरला. रिव्हेट कठीण झाल्यावर ठोकला तर त्याला तडे जातात. म्हणून अधिक बळाच्या रिव्हेटांवर उष्णतेची प्रक्रिया करून ते गोठणबिंदूखाली, अक्षरशः बर्फपेटीत, ठेवावे लागतात आणि बाहेर काढल्यावर काही मिनिटांतच ठोकावे लागतात. दुसऱ्या महायुद्धातील विमान कारखान्यांत शीतपेटी हे हत्याराइतकेच आवश्यक साधन होते, ते यामुळे. घरी विमान बांधणाऱ्याचा मार्ग सुकर केला तो तुलनेने कमी बळाच्या दुसऱ्या एका मिश्रधातूने. त्याचे रिव्हेट पाकिटातून काढावेत आणि थेट ठोकावेत, शीतपेटीची गरज नाही.

हे सारे रिव्हेट दिसायला जवळजवळ सारखे असतात. त्यांची ओळख डोक्यावरील खुणेवरून करायची असते. पाकिटातून थेट ठोकण्याच्या रिव्हेटला मध्यभागी लहानसा खळगा, शीतपेटीतील एका प्रकाराला उठावाचा ठिपका, दुसऱ्याला दोन उठावाच्या रेघा, मॅग्नेशियमयुक्त प्रकाराला उठावाची फुली आणि अगदी मऊ, बिनजोखमीच्या कामाच्या रिव्हेटला कोणतीच खूण नाही. घरातल्या भांड्यावर नाव घालण्याची आपली रीत येथे आठवल्याखेरीज राहत नाही. फरक इतकाच की येथे नाव मालकाचे नसून धातूचे आहे. लहान रिव्हेट नगावर नव्हे तर वजनावर विकले जातात, त्यामुळे प्रत्येक नगाला क्रमांक देणे अशक्य. प्रमाणपत्र असते ते संपूर्ण घाण्याचे. दोन पाकिटे एकाच डब्यात ओतली की ते प्रमाणपत्र निरर्थक होते, रिव्हेट जरी तेच असले तरी. इतिहासाच्या अभ्यासकाला हे पटण्यास अडचण पडू नये. दफ्तरातून सुटलेल्या कागदाची किंमत काय उरते, हे त्याला ठाऊक असते.

ठोकण्याचे नियमही अंदाजावर सोडलेले नाहीत. ठोकण्यापूर्वी दांडा पत्र्याबाहेर आपल्या व्यासाच्या सुमारे दीडपट असावा. ठोकल्यावर मागचे डोके व्यासाच्या दीडपट रुंद व निमपट उंच व्हावे. भोकाचा मध्य पत्र्याच्या कडेपासून व्यासाच्या दुप्पट अंतरावर असावा. एकाने हवेच्या दाबावरील हातोडी चालवायची आणि दुसऱ्याने मागून पोलादी ठोकळा घट्ट धरायचा, असे हे दोघांचे काम आहे. ठोकळा किंचित कलला की मागचे डोके तिरके होते. मग ते छिलून, दांडा अलगद ठोकून बाहेर काढून पुन्हा सुरुवात करावी लागते आणि छिलताना भोक मोठे झाले तर पुढच्या मापाचा रिव्हेट घ्यावा लागतो. मोठा रिव्हेट म्हणजे कडेपासूनचे अंतर अपुरे. अशा रीतीने एका लहान चुकीची दुरुस्ती मूळ चुकीहून घातक ठरू शकते. म्हणून जाणकार मंडळी नवख्याला सांगतात की, मर्यादेत बसत असेल तर किंचित कुरूप रिव्हेट तसाच राहू द्यावा. लोहारकामात देखणेपण आणि मजबुती बहुधा बरोबरीने चालतात. येथे त्यांची फारकत होते आणि हाताला लागलेली सवय बदलावी लागते.

वालचंदनगर ते बंगलोर

या विषयाचा इंदापूर तालुक्याशी असलेला संबंध केवळ आकाशातील घिरट्यांपुरता नाही. मूळचे सोलापूरचे असलेले वालचंद हिराचंद (१८८२-१९५३) यांनी १९३० च्या दशकात याच तालुक्यातील कळंबच्या माळावर साखर कारखाना उभारला व त्याभोवती वालचंदनगर वसले. ऊस, साखर आणि पुढे यंत्रसामग्री असा त्या वसाहतीचा प्रवास आहे. त्याच वालचंदांनी विल्यम पॉली या अमेरिकन व्यावसायिकाच्या साहाय्याने आणि म्हैसूर संस्थानच्या भागीदारीने डिसेंबर १९४० मध्ये बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना केली. १९४१ मध्ये तेथे जोडलेले हार्लो जातीचे प्रशिक्षण विमान उडाले. त्यानंतर कर्टिस हॉक लढाऊ विमाने जोडण्यात आली. १९४२ मध्ये युद्धपरिस्थितीत सरकारने कंपनी ताब्यात घेतली आणि पुढच्या काळात ती मुख्यतः अमेरिकन वायुदलाच्या विमानांची दुरुस्ती करणारे केंद्र बनली.

या घटनाक्रमाचे वर्णन सामान्यतः उद्योजकाच्या जिद्दीची कथा म्हणून केले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. 'विमान जोडले' या शब्दप्रयोगातील जोडण्याची क्रिया येथे शब्दशः घेतली पाहिजे. ज्या देशात आगगाडीचे डबे, बॉयलर आणि पूल यांचे जाड पोलादी रिव्हेट लालभडक तापवून ठोकणारे कामगार विपुल होते, त्या देशात मिलिमीटरभर जाडीच्या ॲल्युमिनियम पत्र्यात थंड रिव्हेट ठोकण्याचे शिक्षण नव्याने द्यावे लागणार होते. सांगाड्याचे आराखडे, यंत्रे, पत्रा आणि जोडसाहित्य अमेरिकेतून येत होते. स्थानिक भर होती ती हातांची. हातांच्या या शिक्षणाचा इतिहास अद्याप नीटसा लिहिला गेलेला नाही आणि तो कंपनीच्या अहवालांत फारसा सापडणारही नाही.

कोल्हापूर भागातून आलेले व ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविलेले डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आरेखित झालेले एचटी-२ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. ते संपूर्ण धातूचे होते. त्यानंतर १९५८ मध्ये आलेले पुष्पक हे फ्लाइंग क्लबांसाठीचे हलके विमान मात्र पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड चढवलेले होते. सात वर्षांनंतरचे विमान आधीच्यापेक्षा 'जुन्या' पद्धतीचे कसे, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. त्याचे एक उत्तर जोडात आहे. वेल्ड केलेली नळी आणि कापड यांचे काम थोड्या साधनांत होते आणि क्लबाच्या शेडमध्ये त्याची दुरुस्ती करता येते. तंत्रज्ञानाचा इतिहास कालानुक्रमाने सरळ चढत जातो ही आपली समजूत अशा ठिकाणी तपासून घ्यावी लागते.

येथे एक अवांतर, पण आवश्यक उल्लेख. मराठी वाचकाला विमान म्हटले की शिवकर बापूजी तळपदे व १८९५ मधील गिरगाव चौपाटीवरील कथित उड्डाण आठवते. त्या उड्डाणाला विश्वसनीय समकालीन पुरावा नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा आधार दिला जातो तो विसाव्या शतकाच्या आरंभीचा असून त्यात वर्णिलेली याने उडू शकणारी नाहीत, असा निष्कर्ष बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये मांडला. या कथेच्या प्रचलित कथनात धातू, पारा, मंत्र, महाराजांचे साहाय्य हे सारे येते. दोन भाग एकमेकांना कशाने जोडले होते, हे मात्र कोणी सांगत नाही. ज्याने खरोखर काही बांधले आहे त्याच्या बोलण्यात जोडाची तक्रार पहिल्या पाच मिनिटांत येते, असे माझे मत आहे.

आटे, इंच आणि मिलिमीटर

रिव्हेट कायमचा असतो. जे भाग पुन्हा उघडावे लागतात तेथे बोल्ट येतो आणि बोल्टाबरोबर आट्यांचा प्रश्न येतो. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांचे प्रमाण सुचविले. त्यात आट्याचा कोन ५५ अंश होता. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांचे प्रमाण मांडले. परिणामी दोन मित्रराष्ट्रांचे नट एकमेकांच्या बोल्टावर बसत नसत आणि दुसऱ्या महायुद्धात याची मोठी किंमत मोजावी लागली. १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी एकत्रित आट्यांचे प्रमाण स्वीकारले. भारतात आगगाड्या आणि गिरण्यांमुळे व्हिटवर्थची परंपरा रुजली होती. बंगलोरला अमेरिकन विमाने आली. १९५६ च्या वजन-माप प्रमाण कायद्यानंतर देश मेट्रिक पद्धतीकडे वळला. एकाच पिढीच्या फिटरने तीन प्रकारचे पाने बाळगले, ते हौसेने नव्हे.

घरी विमान बांधणाऱ्या भारतीयासाठी हा इतिहास संपलेला नाही. हलक्या विमानांचे बहुतेक आराखडे अमेरिकन असतात आणि त्यांतील बोल्ट अमेरिकन लष्कर-नौदल प्रमाणाचे असतात. त्यातील सर्वांत लहान नेहमीच्या बोल्टाचा व्यास सुमारे ४.८३ मिलिमीटर आणि आटे इंचाला ३२, म्हणजे दोन आट्यांमधील अंतर ०.७९४ मिलिमीटर. आपल्या बाजारातील पाच मिलिमीटर बोल्टाचे तेच अंतर ०.८ मिलिमीटर. हा फरक डोळ्याला दिसत नाही आणि बोटालाही कळत नाही. पाच मिलिमीटरचा नट त्या विमानी बोल्टावर विनासायास चढतो, थोडा सैल लागतो, पण बसल्यासारखा वाटतो. नेमके हेच घातक. न बसणारा नट कोणाचे नुकसान करीत नाही. जो चुकीचा असून बसतो तो करतो. पुण्यातील हार्डवेअरच्या पेठेत 'चालेल की' म्हणून मिळणारी वस्तू पंपाला किंवा ट्रॉलीला खरोखरच चालते. तेथे बोल्ट तुटला तर काम थांबते, एवढेच.

प्रशिक्षित कारखान्यातही हे घडू शकते, याचे सर्वपरिचित उदाहरण ब्रिटनमधील आहे. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाकडे निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या बीएसी वन-इलेव्हन विमानाची वैमानिकासमोरील डाव्या बाजूची काच सुमारे १७,३०० फुटांवर निखळली आणि कप्तान कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरविले आणि कप्तान वाचला. आदल्या दिवशीच्या रात्रपाळीत ती काच बदलण्यात आली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्टांचा व्यास इंचाच्या २६ सहस्रांशांनी कमी होता आणि उरलेले सहा व्यासाने बरोबर पण एक दशांश इंच आखूड होते. जबाबदार तंत्रज्ञाने जुना बोल्ट हातात घेऊन त्याच्याशी नवे बोल्ट नजरेने जुळवून घेतले होते. तो अनुभवी होता. त्याच्या अनुभवावरील विश्वासानेच त्याला भांडाराची यादी पाहू दिली नाही, असे म्हणता येईल.

आता घट्ट बसलेला बोल्टही कंपनाने सुटतो, म्हणून त्याला अडविण्याची व्यवस्था करावी लागते. बैलगाडीचे चाक आसावरून निसटू नये म्हणून लावलेली खीळ आणि विमानाच्या खाचदार नटातून आरपार घातलेली स्प्लिट पिन यांचे तत्त्व एकच. जेथे भाग बोल्टाभोवती फिरतो, उदाहरणार्थ सुकाणूच्या सांध्यात, तेथे अशी पिनच लागते. नायलॉनचे कडे असलेला नट, ज्याला आपले मेकॅनिक नायलॉक म्हणतात, तेथे चालत नाही, आणि इंजिनाजवळच्या उष्ण भागातही चालत नाही. काही ठिकाणी बोल्टांच्या डोक्यांतून बारीक तार ओवून ती अशी पिळतात की एक बोल्ट सुटू लागला तर दुसरा आवळला जावा. पीळ उलट्या दिशेने पडला तर तीच तार बोल्ट सोडविण्यास मदत करते. तारेकडे नुसते पाहून काम झाले असे समजणारा आणि तारेची दिशा पाहणारा, असे दोन प्रकारचे तपासनीस असतात.

आणि मग हात न पोहोचण्याचा प्रश्न. पंखाच्या टोकाकडे दोन पत्र्यांमधली जागा चार बोटे मावतील न मावतील एवढी असते. तेथे बोल्टावर वॉशर चढवायचा, त्यावर नट धरायचा आणि पहिला आटा पकडेपर्यंत दोन्ही पडू द्यायचे नाहीत. लोहचुंबकाने धरावे तर ॲल्युमिनियमचा वॉशर त्याला चिकटत नाही. म्हणून बांधणारे वॉशर नटाला गोंदाच्या थेंबाने चिकटवतात, पट्टीच्या टोकाला खाच पाडून त्यात नट अडकवतात, किंवा लहान हाताच्या माणसाला हाक मारतात. पडलेला वॉशर सापडेपर्यंत पत्रा बंद करता येत नाही, कारण तोच पुढे सुकाणूच्या तारेत अडकू शकतो. दोन रुपयांच्या वस्तूसाठी अख्खी संध्याकाळ जाते. यावर कायमचा उपाय म्हणजे नट आधीच पत्र्याला रिव्हेटने जखडून ठेवणे. पण एका नटासाठी आणखी दोन रिव्हेट, म्हणजे आणखी दोन भोके. कोणता भाग केव्हा बंद करायचा याचा क्रम म्हणूनच पंखाच्या आकाराइतका विचार करून ठरवावा लागतो.

चारकोपची गच्ची

हौसेने विमान बांधण्याची चळवळ युरोप-अमेरिकेत जुनी आहे. फ्रान्समध्ये आन्री मिन्ये यांच्या 'पू द्यू सिएल' या लाकडी विमानाने १९३३ नंतर हजारोंना वेड लावले. लाकूड, सरस आणि खिळे एवढ्यावर ते बनत असे, आणि पुढे झालेल्या जीवघेण्या अपघातांचा दोष जोडांत नसून पंखांच्या रचनेत होता. अमेरिकेत १९५३ मध्ये स्थापन झालेल्या एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनने स्वतः बांधणाऱ्यांची संघटना उभी केली. १९७० च्या दशकापासून व्हॅन्स एअरक्राफ्टसारख्या कंपन्या संच विकू लागल्या. संचात पत्रा, आराखडा आणि माप लिहिलेल्या पिशव्यांत रिव्हेट येतात, एका विमानाला दहा हजारांहून अधिक. त्या पिशवीवरील चिकटपट्टी हीच त्या चळवळीची खरी पायाभूत सुविधा होती, असे मला वाटते. तिकडच्या बांधकऱ्याला बोल्ट कोठून आणावा हा प्रश्न पडत नव्हता, तो कसा बसवावा एवढाच पडत होता.

या पार्श्वभूमीवर कॅप्टन अमोल यादव यांचा प्रयत्न पाहिला पाहिजे. मूळचे सातारा जिल्ह्यातील असलेले व जेट एअरवेजमध्ये वैमानिक म्हणून काम केलेले यादव यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस विमान बांधण्यास आरंभ केला. आधीचे दोन प्रयत्न पूर्णत्वास गेले नाहीत. तिसरे, सहा आसनी विमान त्यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागातील राहत्या इमारतीच्या गच्चीवर उभे केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत भरलेल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते प्रदर्शित झाले. गच्चीवरून ते सुटे करून क्रेनच्या साहाय्याने उतरवावे लागले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची व्हीटी-एनएमडी या चिन्हाने नोंदणी केली. २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना मिळाला आणि २०२० मध्ये धुळे येथील धावपट्टीवर चाचण्या झाल्या. दरम्यान फेब्रुवारी २०१८ मध्ये पालघर येथील नियोजित विमान कारखान्यासाठी राज्य शासनाशी सुमारे ३५,००० कोटी रुपयांचा सामंजस्य करार झाल्याची बातमी सर्वत्र झळकली.

वृत्तपत्रांनी या प्रकरणाची मांडणी कल्पक माणूस विरुद्ध लालफीत अशी केली. नोंदणीसाठी झालेला विलंब खरा आहे आणि त्याचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. तथापि नियामकाच्या टेबलावर जो प्रश्न असतो तो बांधणाऱ्याच्या बुद्धीविषयी नसतो. हा पत्रा कोणत्या मिश्रधातूचा, हा बोल्ट कोणत्या घाण्याचा, तो कोणी व किती जोर लावून आवळला आणि हे कोणी लिहून ठेवले, असे ते प्रश्न असतात. लहान बोल्टाला २० ते २५ इंच-पौंड एवढाच पीळ द्यायचा, त्याहून कमी नाही व अधिकही नाही, हे मनगटाला सांगता येत नाही, मोजणाऱ्या पान्यालाच सांगता येते. अमेरिकेत या कागदांचा बराचसा भार संच विकणारी कंपनी आणि संघटना उचलतात. चारकोपच्या गच्चीवर तो एका कुटुंबावर होता. विलंबाच्या कारणांत लालफितीबरोबर ही पोकळीही धरली पाहिजे. पस्तीस हजार कोटींची बातमी देणाऱ्या एकाही वार्ताहराला रिव्हेट कोठून आणले हे विचारावेसे वाटले असल्यास ते माझ्या वाचनात आलेले नाही. त्या एका उत्तरातून मुंबईच्या बाजारपेठेचा आणि आयातीच्या वाटांचा केवढा इतिहास हाती लागला असता.

फुलसावंगी

या चित्राची दुसरी बाजू यवतमाळ जिल्ह्यातील आहे. महागाव तालुक्यातील फुलसावंगी येथे ऑगस्ट २०२१ मध्ये पत्रा व वेल्डिंगचे काम करणारा एक तरुण स्वतः बनविलेल्या एक आसनी हेलिकॉप्टरची रात्री चाचणी घेत असताना मृत्युमुखी पडला. शालेय शिक्षण आठवीपर्यंतचे, वय चोविशीचे, आणि हाताला असे वळण की कपाट-कूलर बनवता बनवता त्याने दोनेक वर्षांत हे यंत्र उभे केले. प्रसिद्ध वृत्तांतानुसार शेपटीकडील पंखा तुटून मुख्य पंख्यावर आदळला आणि त्याचा आघात त्याच्या डोक्यावर झाला. तो पंखा नेमका कशाने सुटला याविषयी येथे तर्क करणे उचित नाही. एवढे मात्र म्हणता येते की फिरत्या पंख्याच्या मुळाशी असलेला जोड मिनिटाला शेकडो वेळा ताण घेतो आणि प्रत्येक फेरीत थोडा थोडा थकतो. धातूचा हा थकवा बाहेरून दिसत नाही. वेल्डिंगच्या कामात न तुटलेला सांधा म्हणजे चांगला सांधा असतो. येथे तो फक्त अजून न तुटलेला सांधा असतो.

त्या तरुणाविषयी नंतर जे लिहिले गेले त्यात गौरव होता आणि हळहळही होती, काही ठिकाणी तर उपहासही होता. एक गोष्ट कोणी फारशी विचारली नाही. अशा मुलाला बोल्टाच्या डोक्यावरील खुणा कोणी शिकवायच्या? बंगलोरच्या कामगाराला त्या कारखान्याने शिकविल्या, यादव यांना अमेरिकेतील वैमानिकी प्रशिक्षणाच्या काळात विमाने जवळून पाहता आली. फुलसावंगीत इंटरनेटवरील चित्रफिती होत्या. चित्रफितीत यंत्र दिसते, जोडाचा धातू दिसत नाही आणि पान्याचा पीळ तर मुळीच नाही.

इंदापूर तालुक्यापुरते बोलायचे तर हे ज्ञान येथे परके नाही. साखर यंत्रसामग्रीपासून सुरुवात केलेल्या वालचंदनगरच्या कारखान्याने भारतीय अवकाश कार्यक्रमासाठी अग्निबाणांच्या मोटारींची आवरणे बनविली आहेत. म्हणजे पळसदेवपासून तासाभराच्या अंतरावर असे फिटर, वेल्डर आणि तपासनीस राहिले आहेत की ज्यांनी प्रत्येक जोडाचे माप, धातूचा घाणा आणि तपासणीची सही नोंदवहीत उतरविण्यात आयुष्य घालविले. त्यांपैकी अनेक आता निवृत्त आहेत. सहकार, पाणी आणि धरणग्रस्तांचे पुनर्वसन या विषयांवर आपल्या महाविद्यालयांतून मौखिक इतिहासाचे काम झाले आहे, या कामगारांकडे मात्र ध्वनिमुद्रक घेऊन कोणी गेल्याचे दिसत नाही. त्यांच्या घरातील जुन्या डायऱ्या, मापांचे तक्ते, प्रशिक्षणाच्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी गोळा करणे हे इतिहास विभागाच्या आवाक्यातील काम आहे. वहीत काय विचारायचे याची सुरुवात सोपी आहे : पहिल्यांदा तुमचा बोल्ट परत कोणी केला, आणि का.